यादीतली तिसरी ओळ

१

लिफ्टकाका न्हाणीघराच्या दारात पडलेले सापडले, तेव्हा त्यांच्या उजव्या हातात मोबाइल होता. शेजारणीने दुपारपर्यंत त्यांचं वर्तमानपत्र दाराबाहेरच पडलेलं पाहिलं, तिच्याकडच्या किल्लीने दार उघडलं आणि डॉक्टरांना बोलावलं. उशीर झाला होता. लेक दुसऱ्या शहरातून आली. सगळं उरकल्यावर तिने वडिलांचा मोबाइल उघडला आणि त्यावर दिसलेले दोन शब्द घेऊन एके दिवशी माझ्या दारात उभी राहिली.

माझ्याच दारात का, तर मी विमा कंपनीत अपघातांची चौकशी करायचे. कोण खरंच घसरलं आणि कोण ठरवून घसरलं, हे ओळखण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. आता निवृत्त आहे, एकटी आहे. दाराची बेल वाजली की आधी दचकते आणि मग खूश होते.

“तुम्ही बाबांना ओळखायचात ना, काकू?” तिने विचारलं.

ओळखायचे म्हणजे काय! आमच्या इमारतीची लिफ्ट वर्षानुवर्षं त्यांनीच सांभाळली. रोज सकाळी यायचे, लिफ्टमध्ये शिरायचे आणि धोक्याची घंटा दाबायचे. अख्खी इमारत खडबडून जागी. एकदा मी पदर खोचून भांडायला खाली उतरले. तर म्हणाले, “बाई, काल वाजली म्हणून आज वाजेल असं नसतं. रोज बघायचं. अडकल्यावर तपासून काय उपयोग?” मी तणतणत वर गेले. पुढे ते निवृत्त झाले, घंटा थांबली आणि मला सकाळी उठायला गजर लावावा लागला. माणसाची किंमत कळायला आपल्याला फार वेळ लागतो.

लेकीने सांगितलं ते असं. वडील एकटे, म्हणून तिने त्यांच्या मोबाइलवर एक ॲप घालून दिलं होतं. ते औषधांच्या वेळेला आठवण करायचं आणि अडचण आली तर दाबायला त्यात एक मोठं लाल बटण होतं. बटणाच्या वर एक चौकोन: ‘कोणाला कळवायचं?’ चौकोनाला बोट लावलं की खाली यादी उलगडते, तिच्यातलं एक नाव निवडायचं. पहिली ओळ होती ‘कोणी नाही’, ज्यांना नुसती औषधांची आठवण हवी त्यांच्यासाठी. तिच्याखाली पुतण्या, मग लेक, मग शेजारीण.

“मी स्वतः माझं नाव निवडून दिलं होतं,” ती म्हणाली. “आणि मी मोबाइल उघडला तेव्हा चौकोनात होतं, ‘कोणी नाही’. खाली लाल अक्षरांत, ‘कळवण्यासाठी कोणीही निवडलेले नाही.’ बटण दाबल्याशिवाय ते वाक्य येत नाही. म्हणजे बाबांनी मदत मागितली, काकू. आणि ती कोणालाच गेली नाही.”

“ॲपवाले काय म्हणतात?”

“त्यांनी दोन ओळींत उत्तर पाठवलं. वापरकर्त्याने स्वतः हा पर्याय निवडला होता.” ती म्हणाली, “वर्षभरापूर्वी आमचं भांडण झालं. मी म्हणत होते माझ्याकडे राहायला या, ते हलायला तयार नव्हते. मी चिडून म्हटलं, मग तुमचं तुम्ही बघा. ते म्हणाले, बघतो. त्यानंतर ना त्यांनी फोन केला, ना मी.”

मी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला. तिने हात लावला नाही.

“माझं नाव दुसऱ्या कोणी काढलं असेल तर मी त्याला सोडणार नाही. आणि बाबांनी काढलं असेल...”

“असेल तर?”

“तर तेही सांगा. मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलू नका. माझ्याशी सगळे तेच करतायत.”

मोबाइल मात्र तिने दिला नाही. तो पाकिटात बंद करून ठेवला होता. चार्जिंग संपलं होतं आणि तो पडदा पुन्हा बघायची तिची छाती नव्हती. मीही आग्रह केला नाही, आणि त्यामुळे पुढे चार दिवस मी उगाच भलत्या वाटेने चालत राहिले.

२

शेजारीणकाकूंना बोलतं करावं लागलं नाही. त्या बोलतच होत्या, मी फक्त मध्ये येऊन बसले.

“देवमाणूस हो! पण शेवटी शेवटी डोकं थोडं...” त्यांनी कपाळाजवळ बोट फिरवलं. “विसरायला लागले होते. जिन्यात भेटले की म्हणायचे, ‘काय सांगू, रोज सांगावं लागतं. काल सांगितलेलं आज पुसलेलं.’ मी म्हणायची, वयाचं आहे ते, काका. तर हसायचे. म्हणायचे, वय काय, अजून लहान आहे ते.”

“लहान? कोण लहान?”

“काय की! म्हटलं ना, बोलण्याला ताळतंत्र नव्हतं.”

त्यांनी मला काकांचं घर उघडून दाखवलं. एक खोली, स्वयंपाकघर आणि टोकाला न्हाणीघर. नट पिळायचे पाने आणि पक्कडी भिंतीवर मापाप्रमाणे टांगलेल्या, प्रत्येकीच्या मागे तिच्याच आकाराची पेन्सिलची रेघ, म्हणजे एखादी जागेवर नसली तर भिंतच सांगेल. एकच खुर्ची. दुसरी घडी घालून कपाटामागे ठेवलेली, तिच्यावर धूळ.

खिडकीजवळच्या टेबलावर बारीक काळा पेन होता. त्याच्या टोकाला शाई नव्हती, कडक चकती होती.

“मोबाइलचा पेन तो,” शेजारीणकाकू म्हणाल्या. “त्यांची बोटं कशी, पोलादी दोर ओढून ओढून नुसती लाकडं झालेली. मोबाइलला बोट लागलेलं कळायचंच नाही. मोठी बटणं दाबली जायची कशीबशी, पण बारीक काही असलं की पेन पाहिजे.”

“हा पेन तेव्हापासून इथेच आहे?”

“मी कशाला हलवू? त्या दिवशी इथेच होता.”

मी खिडकीपासून न्हाणीघराच्या दारापर्यंत चालत गेले. धडधाकट माणसाला काहीच नाही. पडलेल्या माणसाला ते अंतर फार झालं असतं.

निघताना काकूंनी माझा दंड धरला. “तुम्ही चौकशीच करताय म्हणून सांगते हं. आदल्या संध्याकाळी त्यांचा पुतण्या आला होता. आवाज चढले होते. काका ओरडले, ‘मग हे काय आपोआप होतं?’ आणि तो पोरगा लेकीला सांगतोय की मी महिनाभर तिकडे फिरकलोच नाही!”

३

पुतण्या घरांची दलाली करायचा. त्याच्या टेबलावर किल्ल्यांचा ढीग होता, प्रत्येकीला चिठ्ठी. काकांच्या घराचीही एक किल्ली त्यात होती आणि ती त्याने माझ्या नजरेतून लपवायच्या नादात नेमकी मला दाखवली.

“काकांचं घर विकायचं म्हणतोस?”

“ताईला विचारूनच विकणार ना! तुम्ही म्हणजे अगदी...”

“आदल्या संध्याकाळी तिथे कशाला गेला होतास?”

त्याने एक किल्ली उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. खोटं बोलणाऱ्या माणसाचे हात मी आयुष्यभर पाहिलेत. हे हात खोट्याचे नव्हते, शरमेचे होते.

“काकांनीच बोलावलं होतं,” तो म्हणाला. “तो मोबाइल माझाच जुना. आधीच मंद, त्यात काकांच्या जुन्या फोनमधले सगळे नंबर भरून दिले. शेकड्यांनी नंबर होते. प्रत्येक इमारतीचा वॉचमन, प्रत्येक सोसायटीचा सेक्रेटरी. मी म्हटलं, काढून टाकू. म्हणाले, असू दे, कोणाची लिफ्ट अडकली तर? निवृत्त होऊन किती वर्षं झाली, पण असू दे! आणि त्या ढिगात घरचे म्हणून खूण केलेले नंबर फक्त तीन.”

“आणि बोलावलं कशासाठी?”

“म्हणाले, ताईचं नाव राहत नाही. मी म्हटलं, तुम्हीच भलतीकडे दाबत असाल. यावरून बाचाबाची. मग मी स्वतः ताईचं नाव निवडून दिलं, तिथल्या तिथे बंद करून, उघडून दाखवलं. व्यवस्थित होतं.”

“स्वतःचं नाव का नाही निवडलंस? तू तर इथेच राहतोस.”

“तेच म्हणालो! दोन गल्ल्या सोडून राहतो मी, रात्री-अपरात्री धावत येईन. तर म्हणाले, नको, तिसरी ओळच ठेव.” त्याने मान खाली घातली. “मग माझी जीभ घसरली. मी म्हटलं, जी वर्षभर फिरकली नाही, तिला काय कळवताय? काका खिडकीशी जाऊन उभे राहिले. मी निघून आलो.”

“म्हणून लपवलंस?”

“दुसऱ्या दिवशी ते गेले, बाई. आणि मोबाइलवर ‘कोणी नाही’. माझंच बोलणं त्यांच्या मनाला लागलं आणि त्यांनी ताईचं नाव काढलं. हे मी ताईला कोणत्या तोंडाने सांगू?”

मला त्याचं म्हणणं पटलं आणि तेच वाईट झालं. आता संशयित एकच उरला होता, आणि तो गेला होता.

४

घरी येऊन मी तेच ॲप माझ्या मोबाइलवर घेतलं. चौकोन आला, यादी उलगडली. आता निवडायचं कोणाला?

माझ्या मोबाइलमध्ये नंबर मोजकेच आहेत. दाताचा डॉक्टर, दिवे दुरुस्त करणारा, पेन्शनचं ऑफिस. आणि बहीण. बहिणीला जाऊन तीन वर्षं झाली. नंबर मी काढलेला नाही. काढायला काय लागतं, एक बोट. ते बोट काही उचलत नाही.

मी बहीण निवडली. ॲप बंद केलं. उघडलं. बहीण. मोबाइलच बंद करून चालू केला, पुन्हा उघडलं. बहीण जिथल्या तिथे. चहा केला, प्यायले, पुन्हा बघितलं. बहीण हलायला तयार नाही.

म्हणजे ॲप निर्दोष. कंपनीने लिहिलं ते खरं. पुतण्या बोलून गेला, म्हातारा खिडकीशी उभा राहिला, लेकीचं ते जुनं वाक्य त्याला आठवलं, तुमचं तुम्ही बघा. त्याने पेन घेतला आणि पहिली ओळ निवडली. सगळं कसं जिथल्या तिथे बसत होतं. नोकरीत असते तर अहवाल लिहून मोकळी झाले असते.

खोटं बोलू नका, असं ती पोर म्हणाली होती. मी तिला फोन लावायला घेतला आणि ठेवला. दोनदा. मला रडू आलं आणि कोणासाठी आलं ते मी स्वतःला विचारलं नाही.

मग शेजारीणकाकूंचं बोलणं आठवलं. रोज सांगावं लागतं, काल सांगितलेलं आज पुसलेलं, अजून लहान आहे ते. काकू समजल्या, काका स्वतःच्या डोक्याबद्दल बोलतायत. पण स्वतःच्या डोक्याला कोणी लहान म्हणतं का? लहान म्हणजे नवीन. घरात नवीन काय होतं?

मी फोन उचलला आणि तिला सांगितलं, “मोबाइल घेऊन ये. आणि तो आपण दोघी मिळून बघायचा.”

५

तिने पाकीट टेबलावर ठेवलं आणि दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसली.

मी मोबाइल चार्जिंगला लावला नाही. आधी बंद मोबाइलच खिडकीपाशी नेऊन तिरपा धरला. पडद्यावर साधं प्लास्टिकचं कव्हर होतं. उजेडात त्यावर बारीक ओरखडे चमकले.

“बाबा या मोबाइलवर आणखी काय करायचे? गाणी, बातम्या?”

“काही नाही. बोलायला त्यांचा जुना बटणांचा फोन होता. तो त्या दिवशी खिडकीतच होता. हा फक्त ॲपसाठी. म्हणायचे, हा म्हणजे लिफ्टची घंटा.”

“घंटा,” मी म्हणाले. “आता इकडे ये, बघ. पेनाचं टोक कडक आहे, जिथे टेकतं तिथे ओरखडा उठतो. इथे वर ओरखड्यांचा पुंजका आहे, बरोबर चौकोनाच्या जागी. आणि इथे त्याच्या खाली दुसरा.”

मग मोबाइल चार्जिंगला लावून चालू केला, ॲप उघडलं. चौकोनात तेच दोन शब्द. लेकीने तोंड फिरवलं. मी यादी उलगडली आणि तिला बळेच पुढे ओढलं.

“नीट बघ. तो दुसरा पुंजका कोणत्या नावावर आहे?”

ती वाकली. तिसऱ्या ओळीवरचं ‘लेक’ हे नाव धड वाचता येत नव्हतं, इतकं कव्हर तिथे खरवडलं गेलं होतं.

“आणि पहिली ओळ?”

“स्वच्छ आहे,” ती पुटपुटली.

“काचेसारखी स्वच्छ. पुतण्यावर एखाददुसरा चरा आहे, हात चुकला असेल. पण ‘कोणी नाही’ या ओळीवर तुझ्या बाबांनी पेन एकदाही टेकवलेला नाही. बोटाने ती बारीक ओळ त्यांना निवडता येत नव्हती. मग ती निवडली कोणी?”

तिने पहिल्या ओळीवरून नख फिरवलं.

“आणखी एक. लाल बटणावर पेनाची एकही खूण नाही, आणि तुलाही कधी एकही निरोप आला नाही. घंटा रोज वाजवून बघणारा माणूस, पण ही घंटा त्याने कधी वाजवून पाहिली नाही. का नसेल?”

“मी घाबरले असते,” ती म्हणाली. “धावत आले असते.” आणि मग ती रडली. मी तिला रडू दिलं.

जरा वेळाने मी तिच्याच हाताने तिसरी ओळ निवडायला लावली. चौकोनात आलं, ‘लेक’. बंद केलं, लगेच उघडलं. ‘लेक’. पुतण्याने पाहिलं होतं ते एवढंच. मग मी मोबाइल पूर्ण बंद करून पुन्हा चालू केला, जुना मोबाइल धापा टाकत जागा झाला, तो टेबलावर ठेवला आणि आम्ही दोघींनी हात मागे घेतले. ॲप उघडायला मी फक्त एकदा बोट टेकवलं.

चौकोन रिकामा आला. क्षणभर तसाच राहिला. मग आमच्या डोळ्यांदेखत, कोणीही न शिवता, त्यात अक्षरं उमटली. ‘कोणी नाही’.

६

ॲप ज्याने लिहिलं, तो एका दुकानावरच्या खोलीत बसायचा. त्याला कंपनीत सगळे मौनी म्हणतात, असं खालच्या दुकानदाराने सांगितलं. सगळे म्हणजे तरी किती, तर मालक, जो परगावी राहतो, आणि हिशेबवाला, जो महिन्यातून एकदा येतो. बाकी मौनी एकटाच. टेबलावर एक कप, खुंटीवर एक जॅकेट, आणि पाहुण्याला बसायला खुर्ची नाही. मी खोक्यावर बसले.

“मॅडम, आम्ही उत्तर पाठवलंय,” तो पडद्याकडे बघतच म्हणाला. “हे ॲप मी स्वतः वापरतो. माझ्या मोबाइलवर पहिल्या दिवसापासून आहे. निवड एकदाही बदललेली नाही.”

“दाखवा बरं.”

त्याने ॲप पूर्ण बंद करून उघडलं आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. “हे बघा. जसंच्या तसं.”

चौकोनात होतं, ‘कोणी नाही’.

मला वाटलं त्याच्या लक्षात येईल. त्याच्या लक्षात येत नव्हतं. तो उलट जिंकल्यासारखा उभा होता.

“तुम्ही निवडलं काय होतं?” मी हळूच विचारलं.

“हेच.” आणि मग त्याचा चेहरा पडला. “हेच निवडलंय मी. मला... माझं तसं कोणी नाही कळवण्यासारखं.”

तो खुर्चीवर बसला. मग कळफलक ओढून घेतला आणि बराच वेळ नुसती बोटं चालत राहिली. मी थांबले. शेवटी त्याने पडद्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं.

“ही ओळ सांगते, साठवलेलं नाव चौकोनात ठेव. म्हणजे, तिसऱ्या ओळीवर जा. पण घरची नावं मोबाइलच्या सगळ्या नंबरांमधून शोधून आणावी लागतात, त्याला वेळ लागतो. नंबर थोडे असले, किंवा ॲप नुकतंच बंद केलेलं असून नावं अजून मोबाइलच्या लक्षात असली, तर ती तत्काळ येतात. खूप असले, मोबाइल जुना असला, तर ही ओळ आधी चालते आणि नावं मागून येतात.”

“यादीच नाही, तर तिसरी ओळ कुठली?”

“तेच. सांगितलेलं वाया जातं. मग नावं येतात, आणि यादी भरली की ती आपोआप पहिल्या ओळीवर उभी राहते.” त्याने बोट खालच्या ओळीवर सरकवलं. “आणि खाली मी लिहिलंय, निवड बदलली की लगेच साठव. माणसाने बदलली की आपोआप बदलली, हे त्या ओळीला कळत नाही. पहिल्या ओळीचं नाव साठवलं जातं. माणसाने निवडलं असं समजून.”

“वापरकर्त्याने स्वतः हा पर्याय निवडला होता,” मी म्हणाले.

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. “बाकी कोणाची तक्रार कशी नाही आली?”

“कारण बाकीचे एकदा नाव निवडतात आणि पुन्हा तिकडे ढुंकून बघत नाहीत. हा माणूस लिफ्टवाला होता. रोज उघडून बघायचा.”

माझा सूर कडक झाला होता. पण त्याच्याकडे बघून मला राग धरून ठेवता येईना. “अरे, तुला दिसणार तरी कसं होतं?” मी म्हणाले. कधी तुम्हीवरून तूवर आले ते माझं मलाच कळलं नाही. “चौकोन चुकून ‘कोणी नाही’वर गेला तरी तुझ्यासाठी ते बरोबरच होतं.”

दुरुस्ती अगदीच छोटी निघाली. तीच ओळ उचलून थोडी खाली ठेवायची, नावं आल्यानंतर, आणि यादी भरताना जे आपोआप होतं ते साठवायचं नाही. त्याने माझ्यासमोर ते केलं, दहा वेळा उघडून बंद करून पाहिलं. मग मालकाला फोन लावून चूक आपली आहे असं सांगितलं. सगळ्यांच्या मोबाइलवर आजच नवी दुरुस्ती जाईल, आणि त्या मुलीला पत्र मीच लिहीन, असंही म्हणाला. मौनी म्हणवणारा माणूस बरंच बोलला.

“पण तपासायला दुसरं नाव हवं ना,” मी म्हटलं. “नुसतं ‘कोणी नाही’ ठेवून काय कळणार? माझा नंबर घे.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. “मॅडम, तपासण्यापुरता?”

“आधी घे तर.”

त्याने नंबर घेतला, नाव काय लिहू म्हणून विचारलं. मी म्हटलं, काकू लिही. त्याने चौकोनात काकू निवडलं, मोबाइल बंद करून चालू केला, ॲप उघडलं. काकू जागेवर होती. तो कितीतरी वेळ त्या चौकोनाकडे बघत राहिला.

७

लेकीला मी वडिलांच्या घरीच गाठलं. ती भिंतीवरच्या पक्कडी काढून खोक्यात भरत होती. मी कपाटामागची दुसरी खुर्ची काढली, पुसली, बसले आणि तिला सगळं सांगितलं. रोज ते ॲप उघडायचे, घंटा नीट आहे ना बघायला. उघडल्याबरोबर तिचं नाव पुसलं जायचं. ते पेन घेऊन पुन्हा तिसरी ओळ निवडायचे. रोज सांगावं लागतं, म्हणायचे. लोक त्यांना विसराळू म्हणाले, पुतण्या म्हणाला तुम्हीच चुकता, तरी त्यांनी निवडणं सोडलं नाही. पुतण्या आदल्या संध्याकाळी टोचून बोलला तेव्हाही नाही, पहिली ओळ स्वच्छ होती. त्या दिवशी ते पडले, हातातला मोबाइल उघडला, आणि उघडल्याबरोबर नाव गेलं. पेन खिडकीपाशी होता. बोटाने तिसरी ओळ लागेना. मोठं बटण तेवढं दाबता आलं.

तिने हातातली पक्कड खाली ठेवली.

“म्हणजे तो पेन बाबांच्या हातात असता...”

“तर त्यांनी तुझं नाव पुन्हा निवडलं असतं,” मी म्हणाले. खोटं बोलणार नाही असं कबूल केलं होतं.

“आणि मला कळलं असतं तर?”

“तू शेजारणीला फोन केला असतास. ते वाचले असते की नाही, ते मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही.”

ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. म्हणाली, “मी वर्षभर वाट बघत होते, बाबा कधी फोन करतात म्हणून. आणि ते रोज...”

मोबाइल टेबलावर चार्जिंगला होता. त्यावर नवी दुरुस्ती आल्याची सूचना झळकत होती.

“ती यावर घालून देऊ का?” मी विचारलं. “आता नाव पुसलं जाणार नाही.”

“नको,” ती म्हणाली. “या मोबाइलवर नको.”

तिने ॲप उघडलं. चौकोन रिकामा आला, मग त्यात ‘कोणी नाही’ उमटलं. या वेळी तिने तोंड फिरवलं नाही. खुर्ची ओढून टेबलाशी बसली, बाबांचा काळा पेन उचलला, यादी उलगडली, आणि तिसऱ्या ओळीवर, जिथे कव्हर खरवडलेलं होतं तिथेच, तो टेकवला.

“उद्या सकाळी परत,” ती म्हणाली, आणि पेन मोबाइलच्या शेजारी ठेवला.